अकरा झाकणं

४ ऑगस्ट २०२५

पौडच्या पंचायत समितीतून आज माझ्या नावाचं पत्र आलं. ग्रामसेवकांनी, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांनी, ते दोन बोटांत धरून माझ्यापुढे सरकवलं आणि चहा सांगितला. तेव्हाच समजलं की प्रकरण बरं नाही. एरवी भाऊसाहेब चहा सांगत नाहीत.

आमच्या वस्तीत भूमिगत गटार झालं, ते कागदावर दोनशे चाळीस मीटर आहे, जमिनीत तेवढं नाही, आणि बिल मात्र पूर्ण निघालं, अशी तक्रार आहे. बिल पाच लाख शहात्तर हजारांचं. त्यावर सही माझी. सरपंच श्री. किसन ओव्हाळ यांनी पंधरा दिवसांत खुलासा करावा.

तक्रारदार भीमाबाई. वस्तीतलं शेवटचं घर त्यांचं. सत्तरी उलटलेली, कागदावर अंगठा उठवणारी बाई. त्यांना हे मीटरबिटर कुणी लिहून दिलं, याचाच दिवसभर विचार केला. शेखरच्या विरोधातलं कुणीतरी असणार. शेखर माझ्या आधीचा सरपंच. काम त्याच्या काळात झालं, बिल माझ्या.

घरी काही बोललो नाही. जेवताना नम्रतानं विचारलं, "पप्पा, आज टपाल आलं होतं का काही?" लवळ्याच्या कॉलेजात ऑफिसला लागल्यापासून पोरीला टपालाचीच सवय झाली आहे. नाही म्हणालो.

५ ऑगस्ट

पिरंगुटच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस क्वालिटीत. एखादा जॉब, म्हणजे मशिनवरून उतरलेला भाग, रिजेक्ट झाला की आरडाओरडा करण्याआधी त्याची हिस्ट्री लिहायची, अशी आमची पद्धत होती. तशी लिहितो.

२०२१ ला आम्ही नऊ सदस्य निवडून आलो. सरपंच कोण यावर जमेना. अण्णासाहेबांनी चौघांना वाड्याच्या ओटीवर नाही, शेतावरच्या बंगल्यावर बोलावलं आणि पाच वर्षांचे चार भाग केले. पंधरा-पंधरा महिने प्रत्येकाला. अण्णासाहेबांकडे पद कुठलंच नाही, पण त्यांना न विचारता गावात खांबावरचा दिवासुद्धा बदलत नाहीत. कुणी शब्द फिरवू नये म्हणून प्रत्येकानं खुर्चीवर बसायच्या दिवशी राजीनामा लिहून, सही करून, तारखेची जागा कोरी ठेवून त्यांच्याकडे द्यायचा. आजूबाजूच्या गावांतही असंच चालतं. मीही दिला.

माझा नंबर शेवटचा. वस्तीतला पहिला सरपंच म्हणून गेल्या वर्षी १४ नोव्हेंबरला फेटा बांधला, हार घातले. हार उतरायच्या आतच अण्णासाहेबांनी फाइल पुढे ठेवली. "किसनराव, पैली सही आपल्या वस्तीच्या कामावर हुंद्या." त्या दिवसापर्यंत मी त्यांच्यासाठी नुसता किसन होतो. इंजिनिअरची मोजणी लिहिलेली होती, शेखरचा काम पूर्ण झाल्याचा दाखला होता. बिलावरची सही तेवढी बाकी होती. शेखरनं ती आपल्या काळात का केली नाही, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, तो मान माझ्यासाठी राखून ठेवला.

तेव्हाच म्हणायला हवं होतं की थांबा, टेप आणतो. पण फोटो काढायला मोबाइल वर झाले होते. हार गळ्यात असताना टेप मागणं म्हणजे अण्णासाहेबांना चोर म्हणण्यासारखं झालं असतं. शतांश मिलिमीटरवरून मी लोकांचे जॉब परत पाठवले आहेत, आणि दोनशे चाळीस मीटर गटार न बघता पास केलं.

१० ऑगस्ट

सकाळी सहाला पहार आणि टेप घेऊन निघालो. गटाराला वस्तीच्या वरच्या तोंडापासून भीमाबाईंच्या दारापर्यंत अकरा चेंबर आहेत. झाकणं सगळी एकसारखी, सिमेंटची, वर पंचायतीचं नाव.

पहिली चार उचलली. खाली पाइप आहे, पाणी वाहतंय. माझं घर या टप्प्यात येतं. पाचवं झाकण उचललं तर खाली मुरूम. सहाव्याखाली मुरूम. पुढे जमिनीवर नुसती झाकणं बसवून ठेवली आहेत. अकरावं उचलायला वाकलो तेव्हा भीमाबाई दारात उभ्या होत्या.

"काय हुडकतुयास, किसना?"

"पाइप, मावशी."

"मग तिकडं वर हुडक. हितं काय न्हाई."

त्या मोरीच्या पाण्याची बादली घेऊन ओढ्याकडे निघाल्या होत्या. दिवसातून पाच-सहा खेपा होतात म्हणाल्या. खालच्या तेरा घरांना जोडणी पुढच्या टप्प्यात मिळेल, असं सांगितलेलं होतं, म्हणून कुणी काही विचारत नव्हतं. मी सुद्धा हेच सांगत आलो.

"तुमचा अर्ज कुणी लिवून दिला?" मी विचारलं.

"माज्या जीवानं दिला."

"टेप कुणी लावला मग?"

"आलं हुतं एक जण. मला कुटं दिसतंय आता."

बादली मात्र त्यांनी दगड चुकवत बरोबर नेली. वरून मोजत आलो. पाइप चौऱ्याण्णव मीटरवर संपतो.

१४ ऑगस्ट

अण्णासाहेबांकडे गेलो. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी आकडा सांगितला.

"तू सोता झाकनं उचललीस?"

"व्हय."

"कशापायी पन? इंजिनिअर हाय, भाऊसाहेब हायेत." रागानं नाही, दमल्या आवाजात म्हणाले. त्यांचंही वय झालं आता. मग समजावून सांगितलं. शेखर त्यांचा पुतण्या, त्याला पंचायत समितीचं तिकीट मिळायचं आहे. या वेळी फाइल उघडी राहिली तर तिकीट गेलं. माझ्यावर वसुली येईल, पद जाईल. उलट मी काम पूर्ण आहे असं लिहून दिलं तर तक्रार निकाली निघते आणि कुणाचंच काही जात नाही.

"आनि खालची तेरा घरं?"

"बगू की. दुसऱ्या योजनंत बसवू."

"झाल्यालं काम परत मंजूर हुतंय का?"

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. होत नाही, हे मला माहीत आहे. कागदावर एकदा दोनशे चाळीस मीटर झालं की आमच्या वस्तीला गटार आहे. मग भीमाबाईंनी जन्मभर बादली वाहिली तरी सरकारदरबारी तिथे गटार आहे.

१८ ऑगस्ट

खुलासा दिला. भाऊसाहेबांनी लिहिला, मी सही केली. "मोजमाप पुस्तिकेतील नोंदीनुसार सदर काम पूर्ण आहे." नोंदीनुसार ते पूर्णच आहे. खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही, असं घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो. घोटावड्याच्या फाट्यावर गाडी थांबवून भजी घेतली. घरी कुणी खाल्ली नाहीत.

२१ ऑगस्ट

हिला शेवटी सांगितलं. ही म्हणाली, "मला ठाऊक आहे. सगळ्या वस्तीला ठाऊक आहे." आणि तांदूळ निवडत राहिली.

नम्रतानं आज रजा टाकली आणि भीमाबाईंना पौडला घेऊन गेली. श्रावणबाळच्या पगाराला हयातीचा दाखला लागतो म्हणे. पोरीला म्हाताऱ्या माणसांची कणव आहे, हिच्यावर गेली आहे. निघताना मी तिला म्हणालो, "जाता-येता सहज विचार बघ, अर्ज कुणी लिहून दिला ते." ती चप्पल घालत होती. बरं म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. उशीर झाला असावा.

१९ सप्टेंबर

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नव्हतं. दाखले, सह्या, एक पाण्याची मोटर जळली.

आज विहारात वस्तीची बैठक होती. खालच्या घरांतल्या बायांनी जोडणीचं विचारलं. भीमाबाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. "पुढच्या टप्प्यात बघू," मी म्हणालो. "जयभीम सरपंच" म्हणत लोक उठून गेले. पूर्वी ही हाक ऐकली की बरं वाटायचं. आज कुणी मागून दुसऱ्यालाच हाक मारतंय असं वाटलं.

२४ ऑक्टोबर

पुण्याला जिल्हा परिषदेत सुनावणी लागली, ११ नोव्हेंबर.

संध्याकाळी अण्णासाहेब घरी आले. दिवाळीचा फराळ घेऊन, स्वतः. इतक्या वर्षांत आमच्या उंबऱ्याच्या आत ते पहिल्यांदा आले. लग्नाकार्याला आले तरी मांडवातूनच जायचे, आणि मांडवातही थंड बाटलीच घ्यायचे. आज चहा घेतला. हिनं चांगले कप काढले. त्यांनी कप पूर्ण संपवला. मोठा माणूस आहे, मी उगाच मनात काहीबाही आणत होतो.

"वस्तीचा पैला सरपंच म्हून तुजं नाव ऱ्हायला पायजे, किसनराव. डाग लागता कामा न्हाई," असं म्हणाले. उठताना म्हणाले, "तुजा कागद माज्या कपाटात हाय. तारीख घालायची येळ येऊ देऊ नगंस."

ते गेल्यावर नम्रता आली आणि कप घासायला घेऊन गेली. आदळआपट करत घासले. मी म्हणालो, फुटतील. ती म्हणाली, "फुटू देत." आजकालच्या मुलांना मोठ्यांचा मान ठेवणं जमत नाही.

१० नोव्हेंबर

उद्या काय बोलायचं, ते भाऊसाहेबांनी अर्ध्या कागदावर लिहून दिलं आहे. तीन ओळी. पाठ झाल्या.

खरं बोललो तर न झालेल्या कामाचे निम्मे पैसे, एक लाख पंचाहत्तर हजार दोनशे, माझ्या वाट्याला येतील, तेवढेच भाऊसाहेबांच्या. नम्रताच्या नावानं बँकेत ठेवलेली ठेवीची पावती मोडावी लागेल. पण खरं सांगायचं तर पैशाचं तेवढं नाही. माझ्या बापानं पंचायतीच्या दारात उभं राहून काम मागितलं होतं. तिथल्या भिंतीवरच्या फलकावर आज सरपंचांच्या यादीत माझं नाव आहे. ते नाव चोर म्हणून वाचलं जावं, हे मला सहन होत नाही. तीन ओळी बोललो की वाचतो. तेरा घरांनी आजवर चालवलं, पुढेही चालवतील. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटतं ते लिहायचं नाही तर वही कशाला.

११ नोव्हेंबर

चौकशी अधिकारी मॅडम होत्या, तरुण. भीमाबाईंचा अर्ज त्यांनी वाचून दाखवला तेव्हा मी प्रथमच तो नीट ऐकला. टाइप केलेला, खाली तक्ता. मंजूर लांबी, प्रत्यक्ष लांबी, फरक. प्रत्येक झाकणाखाली काय आहे, ते क्रमानं. असा रिपोर्ट कंपनीत क्वालिटीचं काम केलेला माणूसच लिहितो. रिहे गावचा आमचा एक जुना सुपरवायझर आहे, त्याच्यावर माझा संशय आहे. कुणी का असेना, काम चोख केलं आहे.

मग मॅडमनी दुसरा कागद काढला. माझा राजीनामा. त्यावर ३ नोव्हेंबर तारीख.

"सही तुमची आहे?"

"सही माझी आहे. तारीख माझी नाही."

त्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं, भाऊसाहेबांनी छताकडे. मी काय बोलणार, याचा भरवसा नसल्यामुळे अण्णासाहेबांनी आधीच तारीख घालून ठेवली असावी. मी चहा पाजला, त्यानंतर दहा दिवसांनी. त्यांना कुणीतरी भरीस घातलं असेल.

"बरं. काम पूर्ण आहे, असा तुमचा खुलासा आहे. म्हणजे खालच्या तेरा घरांचं सांडपाणी या गटारात जातं?"

तीन ओळी तोंडात तयार होत्या. पण मला फार दमल्यासारखं झालं. खोटं बोलायलासुद्धा अंगात बळ लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं. सत्यासाठी छाती पुढे काढून वगैरे मी काही बोललो नाही. खुर्ची धरून बोललो.

"नाही जात. पाइप चौऱ्याण्णव मीटरच आहे. पुढे नुसती झाकणं आहेत. मी न मोजता सही केली."

"आणि हा खुलासा?"

"तो मोजल्यानंतर दिला. खोटा आहे."

"याचे परिणाम माहीत आहेत तुम्हाला?"

"माहीत आहेत."

"पैसे कुणी घेतले?"

"मी घेतले नाहीत. कुणी घेतले ते मी बघितलेलं नाही. मोजणी आणि पूर्णत्वाचा दाखला माझ्या आधीचा आहे, एवढं लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. खाली सही करताना सगळा जबाब पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. दोन ठिकाणी आकडे चुकले होते, ते दुरुस्त करून घेतले.

१५ नोव्हेंबर

जेसीबी आणून खोदलं. चौऱ्याण्णव. वस्ती दोन्ही बाजूंनी उभी राहून बघत होती. खालच्या घरातली एक बाई मला ऐकू येईल असं म्हणाली, "ह्याचं घर बरं जोडलं पैलं." माझं घर वरच्या बाजूला आहे, एवढंच कारण आहे, पण ते सांगत कुणाकुणापुढे फिरणार.

१८ नोव्हेंबर

आज नम्रता समोर येऊन बसली. म्हणाली, "पप्पा, भीमाआजींचा अर्ज मी लिहिला."

मला आधी समजलंच नाही. मग टपाल आठवलं, पौडची रजा आठवली, तक्ता आठवला. शाळेत असताना तिला प्रयोगाची वही लिहायला मीच शिकवलं होतं, काय असायला हवं, काय आहे, फरक किती.

"बापाच्या विरोधात?"

"तुमच्या विरोधात नव्हता. शेखरच्या विरोधात होता. काम त्याच्या वेळचं, बिलही त्याच्याच वेळी निघालं असणार असं मी धरून चालले. चौकशीचं पत्र तुमच्या नावानं निघालंय, हे मला आठवडाभरानं कळलं. सही तुमची आहे, हे माहीत असतं तर..."

"तर नसता लिहिलास?"

"माहीत नाही," म्हणाली आणि रडायला लागली. "पौडला नेलं ना आजीला, ते अर्ज मागे घ्यायलाच नेलं होतं. दाखल्याचं खोटं सांगितलं तुम्हाला. दारापर्यंत गेलो. आजी म्हणाली, मी न्हाई अंगटा देनार, तू घरी जा."

मला राग आला होता. अजून आहे. फोटो निघायच्या दिवशी मी न मोजता धरून चाललो, तशीच पोरगीही धरून चालली, कागद न बघता. त्यावरून मला तिला खूप बोलता आलं असतं. पण तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ती लहानपणी तापात थरथरायची तशी थरथरत होती. ही आतून म्हणाली, "झालं ना एकदाचं. आता जेवून घ्या दोघं."

६ जानेवारी २०२६

आदेश आला. पदावरून दूर. पाच वर्षं निवडणूक लढवता येणार नाही. वसुली एक लाख पंचाहत्तर हजार दोनशे. तेवढीच भाऊसाहेबांवर, त्यांची बदली झाली. इंजिनिअर आणि शेखरबाबत "स्वतंत्रपणे तपासणी करण्यात यावी", म्हणजे कधीतरी. शेवटच्या पानावर एक ओळ आहे, उर्वरित एकशे सेहेचाळीस मीटर काम अपूर्ण असल्याची नोंद घेण्यात यावी. ती ओळ चार वेळा वाचली.

शेखरला तिकीट मिळालं. अण्णासाहेब फाट्यावर दिसले. मी राम राम घातला. "काय किसन," म्हणाले आणि गाडीत बसले. त्यांनी मला सरपंच केलं ते माझ्यासाठी केलं की त्या एका सहीसाठी, हा प्रश्न मी आजवर टाळला. आज लिहून ठेवतो. उत्तर लिहायचं धाडस होत नाही.

२ फेब्रुवारी

ठेवीची पावती मोडली, पैसे भरले. पंचायतीत आता प्रशासक आहेत. नवीन ग्रामसेवकांनी मान वर न करता पावती फाडून दिली. भिंतीवरच्या फलकावर माझ्या नावापुढे "पर्यंत" या रकान्यात तारीख घातली आहे. नाव अजून आहे.

येताना भीमाबाई ओढ्याच्या वाटेवर भेटल्या. रिकामी बादली घेऊन परत येत होत्या. मला थांबवलं.

"भरलंस का पैसं?"

"भरलं, मावशी."

"तू खाल्लं न्हाईस म्हनं."

"न्हाई."

"मग भरतुयास कशापायी?"

"मोजलं न्हाई म्हून."

त्यांनी बादली खाली ठेवली. वस्तीत निम्मे लोक माझ्याशी बोलत नाहीत, निम्मे फार गोड बोलतात. या दोन्हींतलं काय ऐकावं लागणार म्हणून मी उभा होतो.

"ऱ्हायल्यालं कवा घालायचं मग? पौडला जायाला लागंल. अर्ज लागंल. तू चल माज्यासंगं."

"मावशी, मी आता सरपंच न्हाई."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "म्हून तर तुला सांगतीया."